रोझा पार्क्स, पस्तीस रीम कागद आणि ३८१ दिवस

दरवर्षी १ डिसेंबर आला की रोझा पार्क्सची तीच पोस्ट फिरायला लागते. दिवसभर शिवणकाम करून दमलेली बाई बसमध्ये बसते, गोऱ्या माणसासाठी उठत नाही, तिला अटक होते आणि अमेरिका जागी होते. खाली मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोटो, दोन हात जोडलेले. गोष्ट खोटी नाही, पण तिच्यातलं कामाचं सगळं गाळून टाकलेलं असतं. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहराच्या काळ्या माणसांनी बसला पर्यायी अशी एक अख्खी वाहतूक व्यवस्था उभी केली आणि जवळपास वर्षभर चालवली. माझ्या मते या चळवळीत शिकण्यासारखं काही असेल तर ते हे आहे.

आधी बस बघू. ३६ जागा. पुढच्या १० गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी काळ्यांनी तिथे टेकायचं नाही. मागच्या १० काळ्यांच्या. मधल्या १६ जागांवर राज्य ड्रायव्हरचं. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून १० सेंट टाकायचे, पुन्हा खाली उतरायचं आणि मागच्या दाराने चढायचं. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी हाणली तर पैसे गेले, बसही गेली. पार्क्सबाई बसल्या होत्या मधल्या भागाच्या पहिल्या ओळीत. उभा राहिलेला गोरा प्रवासी एकच होता, पण एका ओळीत दोन्ही रंग चालत नसल्याने त्या एकासाठी चौघांनी उठायचं होतं. तिघं उठले. बाई ४२ वर्षांच्या होत्या आणि एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सेक्रेटरी होत्या. ‘भोळी शिवणकाम करणारी बाई’ ही प्रतिमा निदान आता तरी पुरावी.

ही झाली १ डिसेंबर १९५५, गुरुवारची संध्याकाळ. जामिनासाठी धावले ई. डी. निक्सन. हे रेल्वेच्या स्लीपर डब्यांवरचे पोर्टर, कामगार संघटनेत मुरलेले. पण त्या रात्रीचं खरं काम झालं अलाबामा स्टेट कॉलेजात, जो अ‍ॅन रॉबिन्सन यांच्या हातून. या इंग्रजीच्या प्राध्यापिका आणि विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या काळ्या बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष. बस बंद पाडण्याचा इशारा देणारं पत्र त्यांनी महापौर गेल यांना २१ मे १९५४ लाच पाठवलं होतं, म्हणजे अटकेच्या दीड वर्ष आधी. तयारी होती, फक्त निमित्त हवं होतं.

अटकेची बातमी कळल्यावर एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत घेऊन त्या कॉलेजच्या सायक्लोस्टाईल मशीनवर बसल्या. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, मग कागदाचे तीन तुकडे. ३५ रीम कागद, म्हणजे १७,५०० ताव, म्हणजे ५२,५०० पत्रकं. पहाटे चारपर्यंत कापून गठ्ठे बांधून तयार. पत्रकावर नाव कुणाचंच नाही, कारण कॉलेज सरकारी पैशावर चालणारं. मागणी एका दिवसाची: सोमवारी बसमध्ये चढू नका. बेमुदत म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी निम्मे लोक कचरले असते. एक दिवस कुणीही चालतो. पोलिसांनीही नकळत हातभार लावला. ‘दमदाटी’ रोखायची म्हणून सोमवारी बसच्या मागे पोलीस लावले, आणि जे दोनचार जण चढायच्या विचारात होते तेही ते बघून मागे फिरले.

संध्याकाळी होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये सभा झाली आणि बहिष्कार पुढे चालू ठेवायचं ठरलं. २६ वर्षांचे किंग अध्यक्ष झाले ते त्याच दिवशी. भाषण गाजलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरी पंचाईत मंगळवारी सकाळी होती: हजारो माणसं कामावर पोचवायची कशी?

काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये माणसं न्यायला सुरुवात केली होती. शहराने लगेच ४५ सेंट किमान भाड्याचा नियम बाहेर काढला. धुणीभांडी करणाऱ्या बाईला रोजचे ९० सेंट कुठून परवडणार? मग किंग यांनी लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरातले पाद्री रेव्हरंड जेमिसन यांना फोन लावला. तिथे १९५३ मध्ये असाच बहिष्कार झाला होता आणि लोकांना खासगी गाड्यांतून नेलं होतं. तीच पद्धत इथे उचलली. सुमारे ३०० गाड्या. सकाळी घरून निघायचे ४८ थांबे, संध्याकाळी परतायचे ४२. शहराची गल्ली न् गल्ली माहीत असलेल्या पोस्टातल्या माणसांनी नकाशे आखून दिले. गाडीत भाडं घ्यायचं नाही, हा नियम फार महत्त्वाचा. भाडं घेतलं की ती विनापरवाना टॅक्सी, आणि पोलीस टपलेलेच. म्हणून पैसा सभेत जमायचा आणि पेट्रोलला जायचा.

तरी पोलिसांनी सतावलंच. ताशी २५ मैलांची मर्यादा असताना ३० ने गाडी चालवली म्हणून खुद्द किंग यांनाच पकडलं. पुढे चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या, तर विमा कंपन्या पॉलिसी रद्द करू लागल्या. विमा नाही तर गाडी रस्त्यावर नाही. शेवटी विमा मिळाला लंडनच्या लॉइड्सकडून. हा तपशील कुठल्याच प्रेरणादायी पोस्टमध्ये नसतो, पण आंदोलनं अशाच ठिकाणी मरतात.

पैशाची अशीच एक वाट जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी काढली. बायका घरी तळलेलं चिकन, सँडविच, केक करून विकायच्या आणि पैसे सभेत द्यायच्या. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले? कुठूनच नाही! देणगी देणारीचं नाव मालकिणीला कळलं की नोकरी गेली, म्हणून ही युक्ती. खुद्द गिलमोरबाईंची नोकरी गेलीच, कोर्टात साक्ष दिल्यावर.

आता माझं एक मत, जे अनेकांना पटणार नाही. बहिष्काराने बस कंपनीला चांगलंच घायाळ केलं, तीन चतुर्थांश प्रवासी काळेच होते. पण नियम कंपनीच्या हातात नव्हता. तो शहराचा आणि राज्याचा कायदा, आणि नगर आयुक्तांचं त्या तोट्याने काहीच बिघडत नव्हतं. नुकसान एकाचं, निर्णय दुसऱ्याचा. सुरुवातीच्या मागण्याही मवाळ होत्या: नीट बोला, काळ्यांच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर घ्या, आणि काळे मागून, गोरे पुढून अशा येतील तशा जागा भरू द्या. म्हणजे वेगळं बसवणं रद्द करा असंसुद्धा नाही! ते मिळालं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. शहराच्या आडमुठेपणाने लढा मोठा केला.

निकाल लागला तो कोर्टात, आणि त्या खटल्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्याच. त्यांचं फौजदारी प्रकरण राज्याच्या कोर्टात अडकलेलं. वकील फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ ला फेडरल कोर्टात वेगळा दावा लावला, ‘ब्राउडर विरुद्ध गेल’. त्यातली एक वादी क्लॉडेट कॉल्विन. हिने २ मार्च १९५५ ला, पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी हेच केलं होतं. तिच्या नावावर आंदोलन का उभं केलं नाही? वय, गरिबी, नंतरचं गरोदरपण, ही कारणं सांगितली जातात आणि नेत्यांच्या मनात ती होतीच. पण एक कोरडं कारणही होतं. अपिलात वर्णभेदाच्या नियमाचा आरोप वगळला गेला आणि पोलिसावर हल्ल्याचा तेवढा ठेवला गेला. ज्या कायद्याला आव्हान द्यायचं तोच प्रकरणातून गायब! कॉल्विनला बाजूला ठेवणं डावपेच म्हणून मला समजतं, पण निकाल लागल्यावरही तिला बाजूलाच ठेवलं, ते समजत नाही.

फेडरल कोर्टाने बसमधला हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि १३ नोव्हेंबर १९५६ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. त्याच दिवशी मॉन्टगोमेरीच्या कोर्टात शहराने गाड्यांच्या व्यवस्थेवर बंदी मिळवली. लेखी आदेश पोचायला २० डिसेंबर उजाडला, आणि ३८१ दिवसांचा बहिष्कार तेव्हा संपला. मधले पाच आठवडे गाड्यांची व्यवस्थाही नाही, बसही नाही; चालायचं, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीत जागा मिळाली तर बसायचं.

पार्क्सबाईंची नोकरी जानेवारी १९५६ मध्येच गेली होती, १९५७ मध्ये त्या डेट्रॉइटला निघून गेल्या. रॉबिन्सन यांनी १९६० मध्ये कॉलेज सोडलं. कॉल्विन न्यूयॉर्कला जाऊन रुग्णसेवेत राबली. तिच्या नावावरचा तो हल्ल्याचा गुन्हा कोर्टाने पुसला २०२१ मध्ये, ती ८२ वर्षांची झाल्यावर, आणि तोही तिने स्वतः अर्ज केला तेव्हा.