"ऊन लागलं असेल" म्हणता म्हणता

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या ब्रूनोने सकाळची दूध-भाकरी तशीच सोडली. ब्रूनो म्हणजे आमचा सहा वर्षांचा लॅब्रेडॉर कुत्रा, आमच्या भाषेत लॅब. लॅब खात नाही याचा अर्थ काय, हे ज्यांच्या घरी लॅब आहे त्यांना सांगायला नको. पण बाहेर पारा ४२ च्या वर, जुळे सोलापुरात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागलंय बघ त्याला." शेजारच्या काकूंनी ताक पाजायला सांगितलं. मलाही पटलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये माणूस असो की जनावर, कुणी मलूल दिसलं की कारण ठरलेलंच असतं. कूलरसमोर ओलं गोणपाट टाकून त्याला निजवलं आणि चार दिवस घालवले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फरशीवर रक्ताचे तीन-चार थेंब दिसले. आधी वाटलं पंजा कापला. बघते तर नाकातून येतंय. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, तर ओल्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या. डॉक्टरांनी लगेच रक्त तपासलं. प्लेटलेट २८ हजार. कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात. गोचीड ताप.

"अहो, पण त्याच्या अंगावर एक गोचीड नाही," मी म्हणाले. डॉक्टरांनी काही न बोलता त्याचा कान उलटा केला. आतल्या घडीत मुगाएवढी, राखाडी, रक्त पिऊन टच्च फुगलेली एक. मग पुढच्या पंजाच्या बेचक्यात आणखी तीन.

ब्रूनो वाचला. सलाईन झालं, २८ दिवस डॉक्सिसायक्लिनचा कोर्स झाला, आता तो पूर्वीसारखा भाकरीवर तुटून पडतो. पण ते चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत, म्हणून हे लिहितेय. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराने आपल्या कुत्र्याला इथे, या हवेत, नेमका कशाचा धोका आहे हे तो निरोगी असतानाच समजून घ्यायला हवं. आजारी पडल्यावर आपण घाबरलेले असतो आणि जो जे सांगेल ते ऐकतो.

गोचिडाचं गणित मला त्यानंतर कळलं. तपकिरी गोचीड आयुष्यातला बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. रक्त पिते, गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, पायरीखाली, कूलरच्या स्टँडमागे जाऊन बसते. एक मादी हजारांनी अंडी घालते. आपल्या उन्हाने ती मरत नाही, उलट उबेत तिची पिल्लं लवकर मोठी होतात. आणि चावल्यावर ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात, तोवर ती गोचीड अंगावर असेलच असं नाही. म्हणजे अंग स्वच्छ दिसलं तरी निश्चिंत होता येत नाही. हा ताप आणणारा एर्लिकिया नावाचा जंतू तर वरवर बरं वाटल्यानंतरही महिनोन् महिने शरीरात दबा धरून राहू शकतो. बाजारात त्यावर लस नाही. वर्षाची सगळी इंजेक्शनं झाली असली तरी हा धोका तसाच राहतो, हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं.

मग ऊन की ताप, हे घरी कसं ओळखायचं? मी एवढंच शिकले: ऊन खरंच बाधलं तर ते तासाभरात दिसतं. जोरजोरात धाप, घट्ट लाळ, हिरड्या लालभडक, चाल लडखडती. तिथे लगेच सावली, अंगावर साधं पाणी, पंखा आणि तडक डॉक्टर. दिवसेंदिवस हळूहळू मलूल होत जाणं, जेवण सोडणं, हिरड्या फिक्या पडणं हे उन्हाचं लक्षण नव्हे. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, त्यामुळे हात लावून "अंग गरम आहे" म्हणण्याला अर्थ नाही. आणि आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा कॉम्बिफ्लाम त्याला कृपा करून देऊ नका.

गोठ्यातल्या जनावरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळणारे मी स्वतः पाहिलेत. तो चाटतो, आणि विष पोटात जातं. वजनावरून ठरवलेली गोळी किंवा मानेवरचे थेंब डॉक्टरांकडून घ्या, आणि त्याच आठवड्यात घराच्या फटी बुजवा. नुसता कुत्रा साफ करून भागत नाही.

जातीचंही तसंच. पगचं नाकच आखूड, त्याला आपला मे महिना हाच आजार आहे. मला विचाराल तर सोलापुरात पग पाळूच नये. लॅब आणि जर्मन शेफर्डला खुब्याचा त्रास, त्यात आपण लाडाने वजन वाढवतो. "गावठीला काही होत नाही" हेही खोटं. पिल्लू गावठी असलं तरी पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, त्याला सोडत नाही. पिल्लाचे लसीचे डोस १६ आठवड्यांपर्यंत पूर्ण होत नाहीत तोवर त्याला रस्त्यावर सोडू नका, कारण पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. रेबीजबद्दल तर वादच नको. लक्षणं दिसल्यावर उपाय नाही, तिसऱ्या महिन्यातली लस आणि पुढचा बूस्टर चुकवायचा नाही.

एक खास आपल्याकडचं. नान्नजकडचे पाहुणे द्राक्षांची पेटी आणतात, डब्यात बेदाणे असतातच, आणि मुलं प्रेमाने कुत्र्यापुढे दोन टाकतात. द्राक्ष-बेदाण्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. खाल्लं असं कळलं तर उलट्या व्हायची वाट बघू नका.

आता रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ब्रूनो पायरीवर आडवा होतो. मी कान, काखा, बोटांच्या बेचक्या बघते, मुलगी स्पिरिटची छोटी बाटली धरून बसते. शेवटी ओठ उचलून हिरडीवर बोट दाबायचं आणि सोडायचं. काल दोन गोचिडी निघाल्या. हिरडी पांढरी झाली आणि लगेच गुलाबी झाली.