‘गुडफेलाज’ पाहताना ज्ञानदान कसे करावे

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 1990 सालचा ‘गुडफेलाज’ चार जण मिळून पाहणार असतील, तर आपण चित्रपट पाहण्याच्या भानगडीत पडू नये. रिमोट तेवढा हाती ठेवावा. हे सगळे निकोलस पिलेगी यांच्या ‘वाइजगाय’ या पुस्तकातले, म्हणजे हेन्री हिल नावाच्या खऱ्याखुऱ्या गुंडाने सांगितलेले आहे, असे नामावली सरकत असतानाच बजावावे, म्हणजे पुढच्या प्रत्येक दृश्यात तोंड घालण्याचा परवाना मिळतो.

कोपाकबाना क्लबच्या मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून, सुमारे तीन मिनिटे कुठेही न तुटता चालणारा शॉट सुरू झाला, की तिथेच चित्र थांबवून स्टेडीकॅमची, म्हणजे चालतानाही चित्र हलू न देणाऱ्या कॅमेरा-जोडणीची, महती सांगावी. स्कॉर्सेसींनी न तोडलेला शॉट तोडल्याचे श्रेय आपल्या पदरात पडते. टॉमी ‘माझ्यात हसण्यासारखं काय आहे?’ असे विचारतो, तो प्रसंग टॉमीची भूमिका करणाऱ्या जो पेशी यांच्याच तरुणपणीच्या हॉटेलातल्या अनुभवावर बेतलेला आहे, हे मात्र टॉमीचा चेहरा बदलण्याआधीच उरकावे, नाहीतर मंडळी उगाच घाबरतील.

हुकमाचा पत्ता म्हणजे स्पायडरचा किस्सा. गोळ्या लागून कोसळताना स्पायडर झालेल्या मायकेल इम्पेरिओली यांच्या हातातला ग्लास फुटून बोटे कापली, त्यांना रुग्णालयात नेले, तर डॉक्टर बोटे सोडून छातीवरच्या खोट्या जखमांकडेच धावले. इथे हशा ठरलेला. तेवढ्यात एखादा आगाऊ माणूस, ‘आणि खऱ्या स्पायडरचं काय झालं?’ असे विचारतो. पत्त्यांच्या डावात पेये आणून देणाऱ्या त्या पोराला खरोखरच गोळ्या घातल्याचे हिलने सांगितले आहे. पण त्यात हसण्यासारखे काही नसल्यामुळे पेशी यांच्या ऑस्करकडे वळावे. अवघ्या पाच शब्दांचे भाषण!

11 डिसेंबर 1978 रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर खरोखर पडलेल्या, चित्रपटातही आलेल्या दरोड्यातली रोकड, सुमारे 50 लाख डॉलर, न चुकता सांगावी. पुढे दरोड्यातल्या साथीदारांची प्रेते एकामागून एक सापडू लागली, की त्या दृश्यातले ‘लैला’ हे इंग्रजी गाणे चित्रीकरणाच्या वेळी सेटवर वाजवले होते, एवढे पुरे. मेलेल्यांची नावे कोणी विचारत नाही.

सर्वांत मौल्यवान माहिती फॅट अँडीची. ती भूमिका करणारे लुई एपोलिटो न्यूयॉर्क पोलिसांत डिटेक्टिव्ह, म्हणजे तपास अधिकारी, होते आणि माफियासाठी केलेल्या खुनांबद्दल 2006 साली दोषी ठरले. अडचण एवढीच, की हा अँडी सुरुवातीलाच क्षणभर दिसतो. म्हणून चित्रपट संपताच तो पुन्हा पहिल्यापासून लावावा आणि कोणी झोपले असल्यास उठवावे.