वहीवरचं नाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया रात्री दोनदा वाचली आणि सकाळी चहाच्या वेळी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरोबर बोलतेय मुलगी." तेव्हा आमच्या घरातलं एक मत आधीच तुमच्या बाजूला पडलंय, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. गेल्या महिन्यात मी ‘सुट्टे आहेत का?’ नावाचा लेख लिहिला होता. नौपाड्यात भाजी घेताना पूर्वी दोन शब्द बोलणं व्हायचं, आता मोबाइल पुढे धरायचा, "आलं का?" विचारायचं, "आलं" ऐकायचं आणि चालू लागायचं, असा त्याचा एकूण सूर. त्यावर ताईंनी लिहिलं की काका, हे निवृत्त माणसाचं सुख आहे. मला सकाळी ऐरोलीची गाडी धरायची असते, रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालायला माझ्याकडे वेळ नाही. सुट्ट्यांऐवजी हातावर ठेवलेली चॉकलेटं खाऊन दात किडले. आणि लहानपणी आई मला उधारीची वही देऊन वाण्याकडे पाठवायची, तेव्हा तो चार गिऱ्हाइकांसमोर विचारायचा, "मागचे कधी देणार म्हणे आई?" तुमचा तो जिव्हाळा मला नको. क्यूआर कोड मला काही विचारत नाही, म्हणूनच तो मला आवडतो.

चॉकलेटांचं बिनशर्त मान्य. रिक्षाचंही. मी ज्या काळाबद्दल हळवा झालो, त्या काळात ठाणे स्टेशनबाहेर सुट्ट्यांवरून झालेली भांडणं लेखात सोयीस्कर गाळली होती, हे खरं. शिवाय मी बत्तीस वर्षं बँकेत रोखपाल होतो. फाटक्या नोटा, ओल्या नोटा, स्टेपलर मारून भोकं पाडलेल्या नोटा आणि चिल्लरच्या पिशव्या हाताळलेल्या माणसानं रोखीवर प्रेम करावं म्हणजे कमाल आहे.

पण वहीपाशी मी अडलो. खरं सांगायचं तर तुमचं ते वाक्य वाचल्यावर लेख काढून टाकावा असंच वाटलं होतं.

भाजीवाल्या मावशींचे दोन-तीन रुपये नेहमी इकडेतिकडे व्हायचे. "राहू द्या, उद्या द्या," त्या म्हणायच्या. कधी त्यांच्याकडे माझे राहायचे. हिशेब कधी पुरता मिटायचाच नाही, आणि न मिटलेल्या त्या दोन रुपयांपायी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच टोपलीपाशी जाणं व्हायचं. आता अडतीस म्हणजे बरोबर अडतीस जातात. हिशेब जागच्या जागी चुकता. मला चुकल्यासारखं होतं ते त्या शिल्लक राहणाऱ्या दोन रुपयांवाचून. नोटांचं मला काही नाही. लेखात मी हे ‘माणुसकी’ वगैरे मोठ्या शब्दांत गुंडाळलं होतं. ते नको होतं.

तुमच्या आईच्या वहीतही तेच होतं, न मिटलेला हिशेब. माझी बाकी दोन रुपये, त्यांची दोनशे. मी विसरलो तर मावशी हसायच्या, तुमच्या आईला उशीर झाला तर वाणी पोरीला चारचौघांत अडवायचा. माझ्या बाकीला मी जिव्हाळा म्हणत होतो, कारण ती कुणी माझ्याकडे मागणार नव्हतं. हे मला साठी उलटल्यावर कळावं, याची लाज वाटते.

एकदाच पारडं बरोबरीचं झालेलं पाहिलं, ते नोटबंदीत. यूपीआय तसं एप्रिल २०१६ मध्येच सुरू झालं होतं, पण आमच्या गल्लीत त्याची वार्ताही नव्हती. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, ९ ला बँका बंद, आणि १० ला आम्ही काउंटर उघडला तेव्हा रांग कोपरा ओलांडून पार पुढच्या इमारतीपर्यंत गेली होती. सुरुवातीला माणशी ४,००० रुपये बदलून मिळत होते, पुढे बोटाला शाई लागू लागली. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन संध्याकाळी मी भाजीला जायचो, तर माझ्याही खिशात दोन हजारांची ती गुलाबी नोटच. ती मोडणार कोण? मावशींनी तेव्हा महिनाभर आख्ख्या गल्लीला उधार भाजी दिली. वही नाही, लिहिणं नाही, सगळं डोक्यात. डॉक्टर, वकील, मी, सगळे त्यांचे देणेकरी. कुणालाच लाज वाटली नाही, कारण सगळेच एका रांगेत होते. तुमच्या आईची वेळ आली तेव्हा त्या रांगेत एकट्याच होत्या.

आता थोडं भांडतो. तुम्ही लिहिलंय की क्यूआरमुळे कष्टकरी बाईचे पैसे थेट तिच्याकडे जातात. मलाही तसंच वाटायचं. खोटे स्क्रीनशॉट दाखवून भाजी घेऊन पसार होणारे होते, त्यांना पैसे जमा झाले की रक्कम बोलून सांगणाऱ्या त्या डबीनं चाप लावला, हेही खरं. मराठीत रक्कम ऐकू येते, वाचायला यावं लागत नाही. २०२० पासून यूपीआयवर विक्रेत्याकडून कमिशनही घेत नाहीत. सगळं चांगलंच. पण पहिल्यांदा मावशींचा कोड स्कॅन केला तेव्हा पडद्यावर एका पुरुषाचं नाव आलं. चौदा वर्षांत मी त्यांना नाव विचारलं नव्हतं, तरी हे नाव त्यांचं नाही एवढं कळत होतं.

"हे कोण?"

"जावई. त्याच्याकडं मोठा मोबाइल हाय ना."

पूर्वी दिवसाची कमाई कमरेच्या पिशवीत असायची. पहाटे वाशी मार्केटला माल भरायला जाताना त्यातूनच काढायच्या, नातवाला खाऊही त्यातूनच. आता अर्ध्याहून जास्त पैसे जावयाच्या खात्यात पडतात आणि रात्री त्याच्याकडे मागावे लागतात. जावई वाईट नाही हो. देतो. डबीचं भाडंही तोच भरतो. पण काय करायचेत, हे विचारून देतो. ताई, "मागचे कधी देणार?" आणि "कशाला हवेत?" हे प्रश्न मला फार लांबचे वाटत नाहीत. क्यूआर कोड तुम्हाला काही विचारत नाही, पण त्याच्यामागे कुणाचं खातं आहे, यावर बरंच ठरतं.

अंगातला रोखपाल जागा झाला. मावशींना म्हटलं, खातं तुमच्या नावावर आहेच, बटणाच्या फोनवरूनही २०२२ पासून यूपीआय चालतं, आणि कोड छापून घ्यायला स्मार्टफोन लागत नाही. चला बँकेत, मी येतो. डेबिट कार्ड कुठाय? तेही जावयाकडे. एकदा गेलो, तर खात्याचं केवायसी राहिलेलं. दुसऱ्या खेपेला आधारला जोडलेला नंबर जुना निघाला. तिसऱ्यांदा मावशीच म्हणाल्या, "राहू दे भाऊ, एक दिवस बसला की माल सुकतो." मी काय बोलणार? माझ्या निवृत्तीला वेळच वेळ आहे, त्यांच्या मेथीला नाही. इथे तुमचाच मुद्दा माझ्यावर उलटला.

तूर्त मी एवढंच करतो, त्यांना रोख देतो. यात कुणाला रोखीचा हट्ट दिसला तर दिसू दे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात देशभरात दोन हजार कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले, त्यातले माझे तीस कमी झाले तर कुणाचं काही बिघडत नाही. लाइटबिल, औषधं, रिक्षा, सगळं मीही फोनवरूनच भरतो. तुम्ही स्टेशनला धावताना फोन काढता, तो जरूर काढा.

अडचण एकच, सुट्टे मिळत नाहीत. एटीएममधून पाचशेच्या येतात, आणि ज्या शाखेत मी वर्षानुवर्षं सुट्टे वाटले तिथेच आता दहाच्या नोटांसाठी गयावया करतो. काल पाचशेची पुढे केली. मावशींनी पिशवी चाचपली, मान हलवली आणि वांगी, मेथीची जुडी आणि वर मूठभर कोथिंबीर माझ्या पिशवीत कोंबली.

"अडतीस झाले. उद्या द्या."

हे लिहीत बसलो आणि नऊ वाजून गेले. साडेनऊला त्या उठतात. जातो.