आपसात कसला हिशेब!

तुम्ही डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात असाल आणि तुमच्या घराची गच्ची गळत असेल, तर पैसे मोजून ती नीट करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. ते कुणालाही जमतं. आपण अदलाबदल करायची. ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर गाठायचा, त्याची गाडी आपण घडवायची, आपली गच्ची त्यानं करायची आणि मध्ये पैशाचं नावसुद्धा निघू द्यायचं नाही. मी हे नुकतंच केलंय, म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. मधेमधे उठावं लागेल, बादली भरत आलीय.

बोलणी मिसळीच्या दुकानात करा. कटाच्या दुसऱ्या वाटीला माणूस कशालाही हो म्हणतो. समोरच्यानं “भावा, आपसात कसला हिशेब!” असं म्हटलं की व्यवहार पक्का झाला असं समजा. मजुरीला मजुरी की मालासकट, सिमेंट कुणी आणायचं, पत्र्याचे आणि रंगाचे पैसे कुणाचे, असले प्रश्न विचारू नका. खिशातून वहीचं पान तर काढूच नका. पान काढणारा माणूस कोत्या मनाचा.

कुणी म्हणेल, पूर्वी गावात असंच चालायचं की. लोहार, सुतार वर्षभर राबायचे आणि सुगीला खळ्यावर बलुतं न्यायचे. खरंय. पण तिथं धान्य मोजायला पायली होती. पायलीवरनं भांडणं व्हायची, पण निदान पायली तरी होती.

काम आधी तुम्ही पूर्ण करा. संपूर्ण.

माझ्याकडं आली ती जुनी महिंद्राची जीप, एमएम 540. फ्लोअरवर पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. सगळा फ्लोअर कापून 18 गेजचा पत्रा बसवला. दोन्ही मडगार्ड ठोकून नवीन केले, वर हार्डटॉप घडवला. मागं कॉन्ट्रॅक्टर साहेबांच्या सांगण्यावरनं खास पेटी केली. सिमेंटची सहा पोती मावली पाहिजेत, वर थापी-ओळंब्याला वेगळा कप्पा पाहिजे. केला. रंग त्यांना मिलिटरी हिरवा हवा होता. म्हटलं, साहेब, तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, केंद्रीय मोटार वाहन नियमांत 121 वा नियम आहे. मग पुढं जाड पाइपचा गार्ड पाहिजे म्हणाले. म्हटलं, त्यावर केंद्रानं 2017 च्या डिसेंबरातच कारवाई करायला सांगितलंय. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मीच आरटीओ. शेवटी करड्यावर तडजोड झाली, आणि तो आरसीवर चढवायला फेऱ्याही मीच मारल्या.

तेवीस दिवस लागले. मी आणि दोन पोरं. लोकांना वाटतं रंगकाम म्हणजे गन धरून फुस्स केलं की झालं. ती फुस्स शेवटच्या दिवसाची. त्याआधी गंज खरवडा, पत्रा ठोका, पुट्टी लावा, वाळू द्या, घासा, परत पुट्टी, प्रायमर, मग 400 चा वॉटर पेपर, 800 चा, बोटांच्या पेरांची साल निघेपर्यंत. चकाकी दिसते ती वरच्या कोटाची, पण गाडी टिकते ती खाली जे दिसत नाही त्याच्यावर.

आता लोहचुंबकाची गोष्ट. साहेब रोज संध्याकाळी यायचे आणि खिशातून लोहचुंबक काढायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पुट्टी जाड थापली असेल तर चुंबक चिकटत नाही. माहिती बरोबर आहे. तर हे दारावर लावून बघणार, मडगार्डवर लावून बघणार, वर बोटानं टकटक करून कान देऊन ऐकणार. डॉक्टर पाठ तपासतो तसं. मी काही बोललो नाही. गिऱ्हाइकाचा हक्क आहे म्हटलं. आणि महिन्याभरानं माझ्या गच्चीवर मी एवढंच म्हणालो की कडेनं बांध घालून दोन दिवस पाणी साठवून बघू, खाली ओल येते का, तर साहेबांचा चेहरा उतरला. “भावा, विश्वास नाही होय माझ्यावर?” विश्वास! चुंबक कुणाच्या खिशात होतं रे? माझ्या?

असो. राग आवरतो. सल्ले द्यायचेत.

गाडीची किल्ली आधी देऊन टाका. 1872 च्या करार कायद्यात 170 व्या कलमानं म्हणे कारागिराला हक्क दिलाय, ज्या वस्तूवर मेहनत केली ती मोबदला मिळेपर्यंत ठेवून घ्यायचा. पण ती एकदा हातातून सोडली की तो हक्कही गेला. साहेबांच्या मेहुण्याचं लग्न होतं, वरातीला जीप पाहिजे होती. मी किल्ली दिली. वरून पॉलिशही मारून दिलं.

शनिवारी आपल्या पोरांना पगाराऐवजी गच्चीचा ढाळ वाटून द्या.

हे मी गमतीनं लिहिलं, पण खरी मेख इथंच होती आणि ती मला उशिरा कळली. माझे हात चालतात, म्हणून मी हातांचा सौदा केला. साहेबांचे हात चालत नाहीत, त्यांचा फोन चालतो. थापी धरणार गवंडी, घमेली उचलणार बिगारी, आणि त्यांना संध्याकाळी रोख हजेरी लागते. जीपच्या हार्डटॉपमध्ये त्यांना कसला रस? साहेबांना ज्या कामाचे पैसे मिळणार नव्हते, त्यावर त्यांनी माणसं लावलीच नाहीत. दोन महिने “उद्या पाठवतो” चाललं. सरकारला अक्कल नाही म्हणतात, पण 2017 च्या जीएसटी कायद्यानं पुरवठ्याच्या व्याख्येत विक्रीच्या शेजारी अदलाबदलही बसवलीय. पैसे हातात आले नाहीत तरी कामाला बाजारभाव असतो, एवढं तरी सरकारला कळतं.

शेवटी मृगाच्या तोंडावर एक पोरगा आला. एकटा. हातात झाडू, ब्रश आणि पांढऱ्या कोटिंगचा डबा. डब्याचे पैसे मीच दिले. म्हटलं, भेगा उघडून भरणार का? पॅरापेटच्या कडेला सिमेंटचा गोल वाटा मारणार का? जुना कोबा जिथं बसलाय तिथं पाणी वाहून जायला ढाळ काढणार का? तो म्हणाला, मला रंग मारायला सांगितलंय. आणि त्यानं शेवाळावरून रंग मारला. नीट खरवडलंसुद्धा नाही. दुपारी दोनला काम संपवून चहा पिऊन गेला.

तिसऱ्या पावसात तो कोट फुगला, आठवड्यात पापुद्रे सुटले. आता हॉलमध्ये दोन आणि देवघरात एक बादली आहे. मार्करनं मी बादलीवर इशारा पातळी आणि धोका पातळी आखल्यात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर त्या 39 आणि 43 फुटांना असतात, आमच्याकडं नऊ आणि अकरा इंचांना. फोन केला तर साहेब म्हणतात, “पाऊस संपू दे, मग बघू. आणि तुमचं तरी काय गेलं, हातचंच काम होतं की.”

हातचंच काम.

बास झाले सल्ले. आता तुझ्याशीच बोलतो. अरे, गंजावर रंग मारून दिला असता तर तू माझ्या गॅरेजसमोर चार लोक गोळा करून तमाशा केला असतास. आणि शेवाळावर रंग मारणारं पोरगं माझ्याकडं पाठवताना तुला काही वाटलं नाही? तेवीस दिवस तीन माणसं राबली. पत्रा माझा, पुट्टी माझी, हार्डनर माझा, आरटीओच्या फेऱ्या माझ्या. त्या पोरांचे पगार मी बायकोच्या भिशीतनं दिले, हे तुला माहीत आहे, कारण भिशी तुझ्या बायकोचीही आहे. मैत्री म्हणून किंमत लिहून घेतली नाही, तर तू किंमतच नाही असं धरून चाललास. आणि रोज सकाळी रंकाळ्यावर तीच जीप फिरवून “कुणी केली?” म्हणणाऱ्यांना माझं नाव सांगतोस. नाव सांगू नकोस. गवंडी पाठव.

परवा उघडीप आहे म्हणतात. सकाळी आठला दोन गवंडी आणि एक बिगारी घेऊन ये, आणि स्वतःही ये. सिमेंट तुझं. मागच्या पेटीत सहा पोती मावतात, मी मोजून केलीय.