हळू होऊ दे, पण माणूस बाहेर राहू दे

जुन्या अणुभट्ट्या पाडायला रोबोट वापरणं म्हणजे खर्च डबल आणि काम मुंगीच्या पावलांनी, असं एका लेखात वाचलं, मला नाही पटलं. मी चाकणला वेल्डिंग रोबोटच्या मेन्टेनन्सला आहे, आमच्याकडे जॉब, म्हणजे वेल्डिंग करायचा भाग, रोज त्याच जागी असतो, आर्म त्याच पॉइंटला जातो, सगळं आधीच ठरलेलं. भट्टीत आत काय कुठे पडलंय हेच नीट माहीत नसतं, म्हणून माणूस लांब बसून कॅमेऱ्यात बघत बघत रोबोट चालवतो आणि रेडिएशनने तो कॅमेरा नि आतल्या चिपाच बाद होत जातात. जपानच्या फुकुशिमात, जिथे २०११ च्या अपघातात भट्ट्या वितळल्या, २०१७ ला दोन नंबर युनिटमध्ये पाठवलेला रोबोट अडकला, शेवटी केबल कापून तिथेच सोडला. नोव्हेंबर २०२४ ला लांबत जाणाऱ्या दांड्याने वितळलेल्या इंधनाचा पहिला तुकडा बाहेर काढला, तो एक ग्रॅमपेक्षाही कमी, आणि तिन्ही भट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन पडलंय!! हळू आहेच हो. पण १९८६ ला चेर्नोबिलच्या छपरावर रोबोट बंद पडले तेव्हा हजारो सैनिकांना किरणोत्सारी ढिगारा काढायला फावडी देऊन वर पाठवलं होतं, एकेकाला एक-दोन मिनिटं, ती पोरं कुणाची तरी होतीच ना. आपल्या तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं पण १९६९ ची आहेत, कधीतरी तीही पाडावी लागतीलच. पुण्यात एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं, पोरं रोबोटिक्सच्या स्पर्धा करतात, त्यांना हाच प्रॉब्लेम द्या की अरुंद पाइपातून आर्म आत घाला, खडा उचला आणि केबल न अडकता परत बाहेर या.