आधी जागा, मग गाडी

पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक २०२५च्या मे महिन्यात म्हणाले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला कायमचा विषय मिळाला. मधेच थंड पडतो, मग कोणीतरी पुन्हा उकरतं. परवा दादाने उकरला. 'गाडी आम्ही घ्यायची, कर आम्ही भरायचा आणि परवानगी महापालिकेची? आधी रस्ते द्या, मग दाखले मागा.' त्यावर काकांचा अंगठा, आत्तेभावाचे जोडलेले हात आणि मध्यमवर्गाचं कंबरडं मोडल्याचा एक लांबलचक फॉरवर्ड. मी लिहिलं, जपानमध्ये हा कायदा १९६२ पासून आहे आणि कोणाचं कंबरडं मोडलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. वहिनीचं उत्तर तयारच होतं : 'झालं, आलं जपान.'

हे 'आलं जपान' मला लागतं. बाहेर राहणारीने तोंड उघडलं तर मिरवते, नाही उघडलं तर शिष्ट झाली. बरं, मी काही बुलेट ट्रेनच्या गोष्टी सांगत नव्हते. आम्ही इथे योकोहामात पहिली गाडी घेतली, त्या व्यवहारात हा कायदा डोक्यापासून पायापर्यंत अनुभवला. तेवढंच सांगायचं होतं. ग्रुपवर कोणी ऐकणार नाही, म्हणून इथे लिहिते.

कित्येक वर्षं आम्ही गाडीविना राहिलो, कारण लागलीच नाही. पण धाकटा झाला, सासूबाई गुडघे घेऊन तीन-तीन महिने राहायला येऊ लागल्या, आणि पावसात बाळाची गाडी, छत्री, दप्तर आणि सासूबाई असं सगळं घेऊन टेकडी उतरणं मला झेपेना. (योकोहामात स्टेशन नेहमी खाली असतं आणि घर नेहमी वर.) मग एका रविवारी शोरूममध्ये गेलो. पुण्यात शोरूममध्ये शिरताना पहिला प्रश्न आपण विचारतो, 'अॅव्हरेज किती देते?' इथे पहिला प्रश्न त्यांनी विचारला : 'लावणार कुठे?' बजेट नाही, रंग नाही. जागा ठरली नव्हती म्हटल्यावर त्या विक्रेत्याने कॅटलॉग माझ्यापुढून हळूच बाजूला सरकवला. चहा मात्र दिला.

नियम असा. घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत स्वतःच्या वापराची जागा हवी. भाड्याची असेल तर मालकाचं संमतिपत्र हवं. मग पोलीस ठाण्यात अर्ज, आणि अर्जाबरोबर दोन नकाशे : घर कुठे, जागा कुठे, समोरचा रस्ता किती रुंद, जागा लांबी-रुंदीला किती मीटर. हे बहुतेक लोक डीलरकडून करून घेतात. डीलर त्याचे पैसे लावतो म्हटल्यावर मी स्वतः पट्टी-पेन्सिल घेऊन बसले, कोथरूडची आहे. ठाण्यातल्या बाईंनी नकाशा शांतपणे पाहिला, प्रवेशाच्या तोंडाशी रस्त्याची रुंदी लिहायची राहिली होती तिथे बोट ठेवलं आणि टेप घेऊन मोजून या म्हणाल्या. मी भर उन्हात रस्त्यावर टेप पसरून बसलेली पाहून शेजारच्या आजी दुसरं टोक धरायला आल्या. दाखला काही दिवसांनी मिळाला, फी दोन हजार येनच्या आसपास. आणि कायदा एवढ्यावर थांबत नाही. सार्वजनिक रस्त्यावर एकाच जागी बारा तास, रात्री आठ तास गाडी उभी ठेवणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा. म्हणजे दाखला मिळवून गाडी गल्लीत लावायची, ही आपली वाट बंद.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही, ती इथे लिहिते. आधी आम्हाला दोन गल्ल्या सोडून एक मोकळं पार्किंग आवडलं होतं. एजंटाने फोनवर फार मऊ आवाजात सांगितलं की मालक परदेशी व्यक्तींना देत नाहीत, क्षमा असावी. त्याने इतक्यांदा क्षमा मागितली की शेवटी मीच त्याला 'काही हरकत नाही' म्हणत बसले. हे दादाला कळलं असतं तर त्याने महिनाभर सोडलं नसतं.

जागा मिळाली ती आमच्याच इमारतीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी वयामुळे लायसन्स परत केलं आणि यांत्रिक पार्किंगमधला त्यांचा कप्पा रिकामा झाला. हे यांत्रिक पार्किंग म्हणजे लोखंडी फडताळ : बटण दाबा, आपला खण खाली येतो, गाडी ठेवा, खण वर जातो. महिना अठरा हजार येन. फाटकावर पाटी : लांबी ५.०५ मीटर, रुंदी १.८५, उंची १.५५.

या १.५५ने आमची गाडी ठरवली. नवऱ्याला सात जणांची सिएन्टा हवी होती; तिची उंची १.६९५, बाद. मला सरकत्या दाराची एन-बॉक्स आवडत होती, मुलांना आत घालायला इतकी सोयीची दुसरी गाडी नाही, उंची १.७९, बाद. होंडाची डब्ल्यूआर-व्ही १.६५, बाद. जपानी बाया कॅटलॉग शेवटून उघडतात, मापांच्या पानापासून, त्याचं इंगित तेव्हा कळलं. उरल्या यारिस, फिट यांसारख्या बुटक्या गाड्या. त्यांत सासूबाईंचे गुडघे बसेनात. मग सुझुकीच्या शोरूममध्ये फ्राँक्स दिसली. उंची बरोबर १.५५. किंमत तेव्हा २५ लाख ४१ हजार येनपासून पुढे होती. बसायला जरा उंच, मागे जागा ऐसपैस. आणि बनलेली कुठे? गुजरातेत! मारुतीच्या कारखान्यातून पिपावाव बंदरामार्गे जहाजाने जपानला. २०२४पासून इथे विकतात.

दादाने अर्थातच सोडलं नाही. 'एवढं शिकून, एवढं लांब जाऊन शेवटी मारुतीच घेतलीस?' काकांनी हसून लोळणारे चेहरे टाकले. इकडे ऑफिसात एका सहकाऱ्याने काळजीने विचारलं, 'भारतात बनलेली? ठीक असते ना?' तिला मी जे सुनावलं ते तिने विचारल्याच्या मानाने फारच होतं. १९८३ सालची आठशे, तुमच्या इथल्या खेड्यांत फिरणारी ती वॅगन आर आमच्याकडे अर्धा देश चालवतो, पाच दारांची जिम्नी तिथून आणली तर चार-पाच दिवसांत पन्नास हजारांच्या घरात नोंदणी होऊन सुझुकीला ऑर्डरी थांबवाव्या लागल्या, हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत एका दमात सांगितलं. हीच मी पुण्यात असताना 'मारुतीचा पत्रा' म्हणून नाक मुरडत होते.

लायसन्सची कथा मोठी आहे, ती सोडते. फुतामातागावाच्या केंद्रात ज्यांनी परीक्षा दिली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी दिली नाही त्यांचा विश्वास बसायचा नाही. कर्वे रस्त्यावर गाडी चालवलेल्या बाईला रिकाम्या मैदानात, 'थांबा' लिहिलेल्या रेषेपाशी चाकं पूर्ण थांबली नाहीत म्हणून परत पाठवतात.

गाडी ताब्यात घ्यायचा दिवस विक्रेत्यानेच सुचवला. कॅलेंडरात पाहून म्हणाला, या दिवशी ताइआन आहे, शुभ. मला इतकं हसू आलं की नवऱ्याने पाय दाबला. नंतर कावासाकी दाइशी या बौद्ध मंदिरात गेलो. तिथे खास गाड्यांसाठी वेगळं प्रार्थनास्थान आहे. लोक नव्या गाड्या रांगेने उभ्या करतात, मंत्रपठण होतं, सुरक्षेचं तावीज मिळतं. पूर्वी हे ज्या इमारतीत चाले ती चक्क भारतीय धाटणीची आहे. आमच्या ग्रुपवरचे जे पुरोगामी चाकाखालच्या लिंबावरून दर दसऱ्याला लेख पाठवतात, त्यांना मी फोटो पाठवला. उत्तर नाही. शहाणपणात जपानीही काही कमी नाहीत : नंबर प्लेटवर गावाचं नाव असतं, तर २०१४ साली तोक्योत 'शिनागावा' जाऊन 'सेतागाया' येणार म्हटल्यावर काही रहिवासी कोर्टात गेले. आमची प्लेट 'योकोहामा'. आकडे पैसे भरून मागून घेतले, बाबांच्या जुन्या आठशेचे.

आता मूळ वादाकडे. दादाने मधल्या काळात अभ्यास केला. लिहिलं की जपानच्या कितीतरी खेड्यांत हा दाखला लागतच नाही, आणि १९६२ साली तिथे गाड्या होत्याच किती? 'रोग यायच्या आधी लस टोचली तुम्ही. आम्हाला रोग झाल्यावर टोचायला निघालेत.' हे बोलणं बरोबर आहे, आणि तेवढ्यासाठीच मला आवडलं नाही. पुढे तो म्हणाला, तुझी लोकल दोन मिनिटं उशिरा आली तर माफी मागतात, आमची पीएमपीची बस यायची तेव्हा येते. वनाजपासून मेट्रो २०२२ला सुरू झाली खरी, पण स्टेशनावरून घरी रिक्षावाला नाही म्हणतो. हेही खरं. गाडीविना इतकी वर्षं राहिले ते ट्रेनच्या जिवावर, हे मी माझ्या भाषणातून सोयीस्करपणे वगळलं होतं. शिवाय दाखला देणारं खातं आपल्याकडे कोणतं असेल आणि त्याचा 'दर' काय निघेल, हा प्रश्न काकांनी विचारला, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं. त्यानंतरही आमच्या ओळखीत किती जणांनी पार्किंगचे लाख-लाख रुपये मोजले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तरीही मी मागे हटत नाही. माझी सात वर्षांची मुलगी पिवळी टोपी घालून एकटी शाळेत चालत जाते. आमच्या गल्लीला फुटपाथ नाही. रस्ता आमच्या कोथरूडच्या गल्लीपेक्षा अरुंद आहे, मी टेपने मोजला आहे, मला माहीत आहे! पण दोन्ही कडा रिकाम्या असतात, म्हणून तिला येणारी गाडी दिसते आणि गाडीवाल्याला ती दिसते. 'आधी रस्ते द्या' म्हणणाऱ्या दादाला मी हेच विचारते, रस्ता आहे की. त्यावर उभं कोण आहे?

आणि त्याला हे मी सांगायला नको. बाबांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा अॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी अडकली. दोन्ही बाजूंनी गाड्या, त्यांत एक कव्हर घातलेली, महिनोन्महिने न हललेली. दादाने आणि समोरच्या पोराने स्ट्रेचर उचलून कोपऱ्यापर्यंत नेलं. मी फोनवर होते. फोन वहिनीच्या हातात होता आणि मला नुसत्या चपला ऐकू येत होत्या. बाबा त्यातून बरे झाले, पुढे वर्षभर होते. मी जेव्हा जेव्हा या विषयावर तावातावाने लिहिते तेव्हा डोक्यात ती गल्ली असते. पण ते मी ग्रुपवर काढत नाही, कारण मग दादा सहज विचारू शकतो की स्ट्रेचर धरायला तू कुठे होतीस. त्याने आजवर विचारलेलं नाही.

गंमत पुढेच आहे. बाबांच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट झालं, त्यात दादाला आणि मला एकेक फ्लॅट मिळाला आणि एकेक पार्किंग. माझ्या फ्लॅटमध्ये भाडेकरू मुलं आहेत, त्यांच्याकडे स्कूटर आहे. पार्किंग मी भाड्याने दिलेलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा सुचवलं. मी म्हटलं, आम्ही परत आलो की लागेल. परत कधी, हे त्यांनी विचारलं नाही आणि नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. जिथे गाडी लावायला एक जपानी आजोबा म्हातारे व्हावे लागले तिथे माझी गाडी आहे, आणि जिथे माझ्या नावाची जागा आहे तिथे गाडी नाही.

गेल्या आठवड्यात दादाने ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज केला. भाचा अठराचा झालाय, त्याला गाडी हवी आहे. उद्या खरंच नियम आला तर अडचण नको, म्हणून 'तुझं ते रिकामं पार्किंग मी वापरतो, असं एक संमतिपत्र लिहून ठेवशील का?' मी पहिल्यांदा खूप हसले. संध्याकाळपर्यंत हसू गेलं. जागा दिली तर ती गेली, आणि मग सेक्रेटरींना काय सांगायचं? दोन दिवसांनी लिहिलं, देते, पण एका वर्षापुरतं. दर वर्षी नवं पत्र. दादाचं उत्तर आलं, 'सख्ख्या भावाला अॅग्रीमेंट? तू पक्की जपानी झालीस.' वहिनीने खाली हसरा चेहरा टाकला. पत्र मी मराठीत लिहिलं आहे, जागेची लांबी-रुंदी मीटरमध्ये, आणि खाली नकाशा काढून दिला आहे.