गिटारला कणीक लागत नाही

"मामा, बेस ईकी टाकू का?"

परवा रात्री अमळनेरहून भाच्याचा फोन, बेस गिटार विकून टाकू का म्हणून. मला वाटलं पैशाची अडचण असेल. तसं काही नव्हतं. त्याला एक रील आलं होतं. सकाळपर्यंत तेच रील माझ्याही मोबाइलवर तीन ठिकाणांहून येऊन पडलं: आमच्या जुन्या ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर, धुळ्याच्या साउंडवाल्यांच्या ग्रुपवर, आणि एका चुलतभावाकडून, ज्याला गिटारला तारा किती असतात हेही सांगता यायचं नाही.

रीलमध्ये एक पोरगा साधी इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसलाय, पायाशी ऑक्टेव्ह पेडल, म्हणजे सूर एक सप्तक उतरवणारी, पायानं दाबायची डबी. वाजवतो, धुमधुम आवाज येतो, खाली मजकूर. बेस गिटार म्हणजे एक सप्तक उतरवलेली गिटार, ते काम पेडल करतं. आवाज गिटारच्याच अ‍ॅम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीतून काढा, बेस अ‍ॅम्प लागत नाही. एकच माणूस गिटार नि बेस दोन्ही सांभाळतो. परदेशात बँडनी बेसवाले कधीच काढून टाकले. पैसे वाचतात. आणि शेवटी कळस: लोकांना बेस तसाही ऐकू येत नाही.

मी वीस वर्षं बेस वाजवली. गणपतीत, लग्नांत, यात्रांत, भुसावळपासून शहाद्यापर्यंत. त्यामुळे हे थोडं चिडून लिहिलेलं वाटेल. चिडूनच लिहिलंय.

कळसाचंच आधी बघू. लोकांना बेस ऐकू येत नाही म्हणे. अहो, खानदेशात बसून हे वाक्य पुढे ढकलताना बोट कसं अडखळलं नाही? वरातीची डीजेची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घरातल्या मांडणीवरची ताटं वाजायला लागतात. गाणं कोणतं ते अजून कळलेलं नसतं, पण छातीत ठोका बसलेला असतो. म्हातारी माणसं खिडक्या लावून घेतात ती काय गायकाच्या आवाजाला घाबरून? ऑर्केस्ट्रात पंचमदांचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं, एखादं गाणं बेसशिवाय वाजवून बघा. त्यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवायचे. ती ओळ काढली की उरलेलं गाणं पाय नसलेल्या खाटेसारखं होतं. ऐकणाऱ्याला 'बेस कमी आहे' असं सांगता येत नाही, तो नुसता 'मजा नाही आली' म्हणून उठतो. ऐकू न येणं आणि नाव सांगता न येणं यातला फरक रीलवाल्याला कळलेला नाही.

आता रीलमध्ये तो बेस इतका छान का वाजतो? कारण तुम्ही तो मोबाइलवर ऐकताय. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे सेकंदाला ४१ वेळा हलते. मोबाइलचा तो नखाएवढा स्पीकर ४१ सोडाच, त्याच्या दुप्पट ८२ सुद्धा नीट काढू शकत नाही. वरचे उपसूर तेवढे बाहेर येतात आणि खालचा मूळ सूर आपला मेंदू स्वतःच्या पदरचा घालतो. म्हणजे मोबाइलवर खरी बेस आणि पेडलची बेस जवळपास सारखीच लागणार, कारण जिथे दोघींत फरक आहे तो भाग तुमच्यापर्यंत आलेलाच नसतो. फोटो बघून भरीत तिखट आहे की नाही ते ठरवल्यासारखं झालं.

बरं, 'एक सप्तक खाली, बाकी काही नाही'. यातला पहिला भाग बरोबर आहे. गिटारची खालची तार ८२ हर्ट्झ, बेसची ४१, नेमकी अर्धी. आकडा जुळतो. पण भजनात पखवाज वाजवणाऱ्याला विचारा, तो डाव्या पुडीला कणीक का लावतो. मळलेल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय तिथून धुम निघत नाही. कातडं जड झालं की ते सावकाश हलतं, सूर खाली जातो आणि सोबत एक भारदस्तपणा येतो. तारेचंही तेच. गिटारची जाड तार ४६ नंबरची, म्हणजे इंचाचे ४६ हजारांश. बेसची १०५. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस काढली तेव्हा तारेची लांबी ३४ इंच ठेवली, त्याच्याच गिटारची साडेपंचवीस होती. ही जास्तीची लांबी त्यानं लाकूड खपवायला ठेवली नव्हती. जाड, लांब तार बोटानं ओढली की ती जशी उसळते आणि जशी हळूहळू विरते, ते सगळं त्या वजनातून येतं. पेडल काय करतं? बारीक तारेचा आवाज घेतं, त्यातली कंपनसंख्या निम्मी करतं आणि पुढे पाठवतं. पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा, टकटक आघात तसाच बारीक राहतो, खाली नुसती एक गुरगुर चिकटते. कणीक लागतच नाही.

(एकानं ग्रुपवर लिहिलं, 'मग तारच सैल करा ना भो.' सूर एक सप्तक खाली आणायचा तर तारेचा ताण चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. तेवढ्या सैल तारेवर कपडे वाळत घालता येतील.)

यात खरं घातक वाक्य मात्र अ‍ॅम्पचं आहे, आणि त्याच्यामुळेच मी लिहायला बसलो. 'गिटारच्याच अ‍ॅम्पमधून काढा.' भाच्यानं मला फोन करायच्या आधी हा प्रयोग करून टाकला होता. तालमीला भाड्यानं आणलेला गिटार अ‍ॅम्प, त्यात बारा इंची एकच स्पीकर. पेडल दाबलं, धुम कमी वाटली म्हणून बेसचं बटण पूर्ण फिरवलं, तरी कमी वाटली म्हणून आवाज वाढवला. दहा मिनिटं स्पीकर भुर्रभुर्र करत राहिला. पोरांना वाटलं भारी इफेक्ट आलाय. मग खर्र झालं आणि बंद.

माझं नका ऐकू, स्पीकर बनवणाऱ्याचं ऐका. सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० हा गिटारचा बारा इंची स्पीकर जगभर वापरला जातो. कंपनीच्याच तक्त्यात त्याचा पल्ला छापलेला आहे: ७० ते ५००० हर्ट्झ. आता बेसची खालची तार घ्या. मोकळी ४१, आणि एकेक फ्रेट (गळ्यावरची सुराची पट्टी) चढत नवव्या फ्रेटवर पोचलात तरी ६९. म्हणजे त्या तारेवरचे मोकळ्या सुरासकट दहा सूर या स्पीकरच्या पल्ल्याच्या बाहेर. बेसवाल्याचं निम्मं आयुष्य त्या दहा सुरांत जातं. तो स्पीकर मुद्दामच तसा बनवलेला असतो, कारण गिटार सहसा ८२च्या खाली जातच नाही.

आणि 'बाहेर' म्हणजे नुसतं ऐकू येणार नाही एवढंच नव्हे. सूर एक सप्तक उतरवला आणि आवाज तेवढाच मोठा हवा असेल, तर स्पीकरच्या कोनाला, म्हणजे त्याच्या कागदी पडद्याला, चौपट पुढे-मागे हलावं लागतं. हवाच तेवढी ढकलायची असते. बेसच्या स्पीकरला त्यासाठी जागा ठेवलेली असते, गिटारच्या स्पीकरला नसते. त्यात बरेच गिटार अ‍ॅम्प मागून उघडे. खालच्या सुरांना कोनाच्या पुढची लाट आणि मागची लाट वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि खोडून काढतात. आवाज येत नाही म्हणून पोरगा बटण फिरवतो, कोन आणखी धडपडतो, त्यामागची तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, तापते, एक तर जळते नाहीतर कोन फाटतो. रील बघून हे पाच-पन्नास तालमींत झालं तर जळगावातल्या कॉइल बांधणाऱ्यांची दिवाळी लवकर येईल.

एकच माणूस दोन्ही सांभाळतो, हे अर्धं खरं आहे. अर्धंच. जुनी पेडलं एका वेळी एकच सूर ओळखतात. १९८२ सालचं बॉस कंपनीचं ओसी-२ घ्या, आवाज आजही लाजवाब, पण त्याला कॉर्ड (एकदम छेडलेले तीन-चार सूर) दिली की मांजरं भांडतात. नव्या पेडलांत कॉर्डमधला फक्त सर्वांत खालचा सूर उतरवायची सोय आलीय, ती बरीच चांगली चालते, हे मान्य. पण मग बेस तुमच्या उजव्या हाताची गुलाम झाली. गिटार चालली तर बेस चालणार, गिटार थांबली की बेस थांबणार. गाण्यात बेस तर नेमकी उलट वागते. गिटार वर खेळत असताना ती ढोलाच्या ठोक्याला धरून खाली बसलेली असते, गिटार गप्प झाली की वाट दाखवते. शिवाय डिजिटल पेडलला सूर ओळखायला त्याची लाट निदान एकदा तरी बघावी लागते, आणि ८२ हर्ट्झच्या एका फेऱ्याला १२ मिलिसेकंद लागतात. वाचायला किरकोळ वाटतं. ऑक्टोपॅडवाल्याशेजारी उभं राहून वाजवा, तो तिसऱ्या गाण्याला तुमच्याकडे बघायला लागेल.

परदेशी बँडचा मुद्दा. रीलमध्ये नाव घेतलंय व्हाइट स्ट्राइप्सचं, २००३ सालच्या 'सेव्हन नेशन आर्मी'चं. हो, ती सुरुवातीची ओळ बेसवर वाजवलेली नाही. जॅक व्हाइटनं गिटारवरच व्हॅमी नावाच्या पेडलनं एक सप्तक उतरवून वाजवलीय. उत्तम आहे, मलाही आवडते. पण तो बँडच दोन माणसांचा, गिटार आणि ड्रम. त्यांनी बेसवाला काढला नव्हता, त्यांच्याकडे तो नव्हताच, आणि गाणी त्या रिकाम्या जागेला धरून बांधलेली. आपण लग्नात जी गाणी वाजवतो त्यांत बेसची ओळ आधीच लिहिलेली असते. आणि इंग्लंडचा रॉयल ब्लड? तेही दोघंच. त्यांच्यातला एक ड्रम वाजवतो, आणि दुसऱ्याच्या हातात बेस असते. तो पेडलं लावून तिच्यातून गिटारचा आवाज काढतो. हे नाव रीलमध्ये कसं नाही?

पैशाचं थोडक्यात. चांगलं ऑक्टेव्ह पेडल आणि नवशिक्याची बेस यांच्या किमतीत फार अंतर नाही. वापरलेली बेस मिळाली तर उलट बेसच स्वस्त. भाच्याकडे तर बेस आहेच. असलेली विकून नसलेलं आणायचं, यात बचत कुठून आली ते त्यालाही सांगता आलं नाही.

पेडल कुठे चालतं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा हटून बसलाय. घरी गाण्याचा कच्चा आराखडा रेकॉर्ड करायचा असेल, तर खुशाल. एकटाच लूपर (वाजवलेलं पुन्हापुन्हा ऐकवणारं यंत्र) घेऊन कार्यक्रम करत असाल, आधी बेसची ओळ एकेका सुरानं लूपमध्ये टाकून तिच्यावर गिटार वाजवत असाल, तर झकास. फक्त आवाज गिटारच्या अ‍ॅम्पमधून काढू नका. मिक्सरमधून मोठ्या साउंडला द्या, जिथे खाली पंधरा-अठरा इंची स्पीकर बसलेले आहेत. मीही एकदा चोपड्याला बेसची तार तुटल्यावर शेवटची दोन गाणी अशीच उरकली होती. कुणी ओरडलं नाही. मला मात्र दोन्ही गाणी पाय लटकवून बसल्यासारखी वाटली.

भाच्याला मी फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही, तो मध्येच म्हणाला, "मामा, स्पीकरना पैसा कोन दी?" अ‍ॅम्पवाल्याला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. स्पीकर काढून कॉइल बांधायला दिलाय. बेसच्या तारांचा नवा संच, ४५ ते १०५, मी काल घेतला, रविवारी अमळनेरला जाताना नेतोय. जुन्या तारा त्यानं विकायच्या तयारीत आधीच काढून ठेवल्यात.